डिकीतला शीशमहाल

डिकीत अ‍ॅम्प्लिफायर नुसता वाजून भागत नाही, तो दिसावाही लागतो. त्यासाठी त्यावर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक शीट. तिच्यावरचा संरक्षक कागद कापून झाल्यावर काढायचा असतो, म्हणून तो उत्साहाने आधीच सोलला जातो. लोखंडासाठीच्या ड्रिलने घाईत भोक पाडले, तर बिट पलीकडे निघताना तडा बहुधा जातोच. करवतीच्या खुणा ओल्या पॉलिशपेपरने, २२० नंबरपासून चढत, ४००, ६०० असे करत घालवाव्या लागतात. मधला नंबर गाळणाऱ्याचा आळस कडेला एलईडी लावताच उजळून निघतो. ज्योत फिरवली की कड क्षणात चकाकते, पण ताण आत राहतो. पुढे सॉल्व्हंट किंवा स्पिरिट लागले की बारीक भेगांची जाळी. घासल्यावर स्थिर विजेने धूळ चिकटते, ती वेगळीच. एवढ्या देखण्या झाकणावर पुढे गावाकडून आलेले तांदळाचे पोते विसावते.