चपलेचा अंगठा

भाचा पुण्याच्या पूर्व टोकाला एका ‘एकात्मिक नगरी’त चोविसाव्या मजल्यावर राहतो. घर, ऑफिस, शाळा, दवाखाना, मॉल, सगळं एकाच कुंपणात. “मामा, इथून बाहेर पडावंच लागत नाही,” हे त्याने मला फोनवर सांगितलं तेव्हा तो विद्यापीठ चौकात तुंबलेला होता. नोकरी हिंजवडीत ना! आणि त्याच्या नगरीतल्या काचेच्या मनोऱ्यात कामाला येणारी पोरं चिंचवडची. माहितीपत्रकात मात्र घरापासून ऑफिसपर्यंत एक हिरवीगार बाणरेषा आहे, ‘चालत कामाला’.

परवा त्याच्याकडे गेलो आणि लिफ्टमधून उतरताना माझ्या कोल्हापुरीचा अंगठा तुटला. तेव्हापासून मिश्र वापराच्या प्रकल्पांचं मूल्यमापन मी या एकाच कसोटीवर करतो. चटईक्षेत्र तज्ज्ञांना लखलाभ.

मॉलमध्ये बुटांची चार दुकानं. तिसऱ्यातल्या मुलीने चप्पल दोन बोटांत धरून सांगितलं, “सर, रिपेअर नाही, एक्स्चेंज ऑफर आहे.” शेजारी सुगंधी मेणबत्त्या. अडकवायला सेफ्टी पिन मागितली तर तीही नाही. तिची तरी काय चूक? त्या भाड्यात पिना विकून कोण जगणार? जेन जेकब्स या बाईंनी अमेरिकेत १९६१ सालीच लिहून ठेवलंय, वस्तीत जुन्या इमारतीही राहू द्या, लहान धंद्याला नव्या बांधकामाचं भाडं झेपत नाही. आपण जुन्या पाडतो आणि नव्यात ‘बाजारपेठेचा अनुभव’ बसवतो.

‘चालत कामाला’ हा शोधही बिल्डरांचा नव्हे. मुंबईच्या गिरणगावात भोंगा झाला की चाळीतला माणूस चालतच पाळीवर जायचा आणि चालतच खानावळीत. १९८२च्या संपानंतर गिरण्या बसल्या. १९९१च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांना, एक तृतीयांश घरांना द्यायचा होता. २००१ साली दुरुस्ती झाली, हे वाटे फक्त रिकाम्या जमिनीवर मोजायचे ठरले आणि वाट्यांच्या वाटाण्याच्या अक्षता झाल्या. मॉल मात्र झाले.

पुण्यातल्याच मगरपट्टा नगरीला मात्र मी नावं ठेवणार नाही. तिथे शतकाच्या सुरुवातीला सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी चारेकशे एकर जमीन विकून टाकण्याऐवजी एकत्र आणली आणि भागीदार झाली. बाकी बहुतेक ठिकाणी शेतकरी मिश्रणात धरतच नाहीत.

आणि पेठेचे गोडवे गायलाही मी बसलेलो नाही. आमच्या वाड्यात खाली पिठाची गिरणी होती. दुपारी भिंतीवरचं घड्याळ थरथरायचं, वाळत घातलेल्या धोतराला ज्वारीचा वास यायचा, मालकाशी भांडण तर बारमाही. पण अंगठा तुटला तर शिवून देणारा बोळाच्या तोंडाशीच बसायचा.

तो इथेही सापडला, फाटकाबाहेर, कुंपणाच्या भिंतीला टेकून. अतिक्रमणाची गाडी येऊन गेल्याने ऐरण आणि दाभण परत मांडत होता. दहा मिनिटांत अंगठा बसवला, वीस रुपये घेतले. नगरीतली निम्मी चपला-बुटं त्याच्याकडेच येतात म्हणाला, पण त्याला आत सोडत नाहीत.

परतताना मलाही सोडेनात. रखवालदाराने वही पुढे केली. नाव, फ्लॅट नंबर, येण्याचं कारण. मी लिहिलं, चप्पल.