कोरड्या जिल्ह्यातला मामा

मी वर्धेकर. जन्म सेवाग्रामच्या कस्तुरबा दवाखान्यातला, शाळा रामनगरातली, नोकरी टपाल खात्यातली आणि पेन्शन त्याच खात्याची. दारूला आजवर तोंड लावलं नाही. यात माझं कर्तृत्व शून्य आहे. गांधीजी 1936 मध्ये शेगावात राहायला आले, त्या शेगावचं पुढं सेवाग्राम झालं आणि त्या पुण्याईवर सत्तरच्या दशकात सरकारनं अख्ख्या जिल्ह्यात दारूबंदी करून टाकली. बाकी महाराष्ट्र 2 ऑक्टोबरच्या आदल्या संध्याकाळी धावपळ करतो. आम्हाला त्या दिवशी सूतकताईशिवाय काही वेगळं वाटत नाही.

बंदी म्हणजे दुकान नाही, एवढाच तिचा अर्थ. दारू आहे. ती कुठं आहे हे पेपरच्या जिल्हा पानावर रोज छापून येतं. ‘मोहा सडवा नष्ट, इतक्या लाखांचा मुद्देमाल जप्त’. मुद्देमाल हा शब्द मी या बातम्यांतूनच शिकलो. भूगोलही तसाच शिकलो. पुलगावचा पूल ओलांडला की अमरावती जिल्हा, देवळीकडून नदीपार गेलं की यवतमाळ, सेलूच्या पुढं बुटीबोरी. आमच्या ऑफिसात ‘पुलापलीकडे जाऊन येतो’ म्हटलं की कोणी कारण विचारत नसे. दक्षिणेला हिंगणघाटवाल्यांना वरोरा होतं. 2015 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातही बंदी आली आणि त्यांची ती दिशाच गेली. गडचिरोली तर 1993 पासूनच बंद. 2021 मध्ये चंद्रपूरची बंदी उठली, त्या दिवशी आमचा हिंगणघाटचा एक निवृत्त सहकारी फोनवर नुसता श्वास घेत होता.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की असा मी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, स्वीडनमध्ये बिअरची बुकिंग करण्यात पटाईत म्हणून ओळखला जाऊ लागलो.

भाची गोथेनबर्गला असते. तिनं आम्हा दोघांना बोलावलं. तीन महिन्यांचा व्हिसा, ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे नेमका अंधाराचा हंगाम. पोचल्यावर चौथ्या दिवशी जेवताना ती म्हणाली, “मामा, उद्या दहा वाजता तुम्ही काय करून राहिले?”

मी म्हटलं, “आंघोळ करून बसून राहीन. दुसरं काय?”

“तुमचं तत्काळचं बोट अजून चालते ना?”

आमच्या कुटुंबात कोणाचंही लग्न, बारसं, बायपास असो, सेवाग्राम स्टेशनवरून सुटणाऱ्या गाडीचं तत्काळ तिकीट मीच काढतो. एसीला दहा, स्लीपरला अकरा. प्रवाशांची नावं आधी भरून ठेवायची, पाणी पिऊन घ्यायचं, पंखा बंद करायचा. मला वाटलं, पोरीला कुठं जायचं असेल. तर तिनं लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला. पडद्यावर हिरवं चिन्ह आणि खाली चार कॅनचे फोटो.

स्वीडनमध्ये साडेतीन टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असलेली कोणतीही वस्तू घरी न्यायला विकत घ्यायची तर बहुतेक वेळा सिस्टेमबोलागेट नावाच्या सरकारी दुकानातच जावं लागतं. या दुकानांत काही छोट्या कारखान्यांच्या बिअर अगदी थोड्या येतात. त्या ठरलेल्या दिवशी सकाळी दहा वाजता साइटवर खुल्या होतात आणि चहा निवायच्या आत संपतात. दहाला भाचीची मीटिंग असते. तिच्या नवऱ्याचं बोट, तिच्याच शब्दांत, “लय ढिलं” आहे.

“पण ही एवढी काय विशेष?” मी विचारलं.

“क्राफ्ट बिअर आहे मामा. म्हणजे मोठ्या फॅक्टरीची नाही. चार जणं मिळून, हातानं, थोडी थोडी करतात. जवळपासचं काय मिळेल ते घालतात. एकदा केली तशी पुन्हा होत नाही.”

“म्हणजे हातभट्टी.”

ती दोन मिनिटं बोलली नाही. पण मला सांगा, माझं काय चुकलं? थोडा माल, गावठी साहित्य, मोसमाप्रमाणे चव, जाणकारांनाच ठावठिकाणा. हे वर्णन ऐकून आमच्याकडचा कोणताही हवालदार मोटारसायकल काढील. फरक एकच, आणि तो बारीक नाही. तिथं कॅनवर आत काय काय घातलंय ते लिहिलेलं असतं. आमच्या भट्टीत नवसागर घालतात, त्याचं लेबल नसतं.

दुसऱ्या दिवशी नऊ पंचावन्नला मी बैठक मारली. बायको दारात उभी. “साठ वर्सं सांभाळलं अन् इथं येऊन बिअर काढून राहिले! वर्ध्याले कोणाले सांगू नका.” दहा वाजले. मी दाबलं. गोल फिरलं, पुन्हा फिरलं, आणि चार कॅन आले. रेल्वेच्या साइटवर अक्षरं ओळखून दाखवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला स्वीडिश यंत्रणा म्हणजे उताराची सायकल. संध्याकाळी जावई माझ्याकडे ज्या आदरानं बघत होता, तो आदर माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीनं मला मिळवून दिला नव्हता.

माल दुकानात आल्याचा निरोप आला, तेव्हा मीही सोबत गेलो. माझ्या डोळ्यापुढं बुटीबोरीच्या रस्त्यावरचं दुकान होतं. लोखंडी जाळी, जाळीतून आत गेलेला हात, वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली, आणि कोणी ओळखीचं दिसू नये म्हणून मान वळवून उभे राहिलेले दहा ओळखीचे लोक. इथं तर ग्रंथालय होतं. उजेड, शांतता, फडताळांवर देशवार मांडणी, आजीबाई चष्मा वर करून लेबलं वाचताहेत. सगळ्या बिअर कोमट. मी भाचीला म्हटलं, फ्रीज बिघडला वाटते. ती म्हणाली, इथं थंड करून ठेवतच नाहीत. ‘दोनवर एक फुकट’ नाही, दिवाळी धमाका नाही, सवलत कशावरच नाही. दुकानदाराला जास्त विकून स्वतःचा फायदा व्हायला नको, हा तर त्या दुकानाचा मूळ उद्देश. गिऱ्हाईक आलं नाही तरी ज्याचं बिघडत नाही असा दुकानदार मी खादी भांडाराबाहेर पहिल्यांदा बघितला.

वीस वर्षांखालच्या कोणाला देत नाहीत, म्हणून जो पंचविशीच्या आतला दिसेल त्याच्याकडे ओळखपत्र मागतात. मी पासपोर्ट खिशात तयार ठेवला होता. मला विचारलं नाही.

हिरव्या शर्टातला एक तरुण मदतीला आला. बिअर कशासोबत घेणार, त्यानं विचारलं. मी पुढं होऊन म्हटलं, पाटवडी रस्सा. भाचीनं भाषांतर केलं; त्यात बेसन, वड्या, तेल, काळा मसाला आणि “खूप, खूप तिखट” एवढं मला कळलं. तो हसला नाही. रस्सा पातळ की दाट? तेल वर तरंगतं का? मी म्हटलं, तरंगते म्हणजे, तर्रीच ती! तो विचारात पडला, दोन फडताळं ओलांडून गेला आणि एक कॅन घेऊन आला. कडू बिअर घेऊ नका, कडूपणानं तिखट आणखी चढतं, ही थोडी गोडसर घ्या, असं त्याचं म्हणणं. पाटवडीचा इतका सखोल विचार माझ्या सासरीही कोणी केला नसेल.

परत येताना भाचीनं इतिहास सांगितला. 1865 साली याच गोथेनबर्गनं गावातल्या दारूचे परवाने एका कंपनीकडे दिले. भागधारकांच्या नफ्याला मर्यादा घातली आणि वरचा पैसा गावाकडे वळवला. ती पद्धत पुढं जगभर गोथेनबर्गच्याच नावानं ओळखली गेली. नंतर इवान ब्रात नावाच्या डॉक्टरनं शिधापत्रिका आणली. तिला म्हणत मूटबूक. दारू घेतली की पुस्तकात नोंद, महिन्याचं माप ठरलेलं, आणि लग्न झालेल्या बाईला बहुधा पुस्तकच नाही. 1955 मध्ये ती पुस्तकं रद्द झाली आणि देशभरासाठी हे एकच सरकारी दुकान आलं.

मला हसू आलं, कारण आमचं पुस्तक अजून चालू आहे. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याचं आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा असं नाव झालंय, पण त्याप्रमाणे पुण्यामुंबईत बसून पिणाऱ्यालाही परवाना लागतो. आणि तो परवाना कशासाठी? प्रकृतीच्या जतनासाठी! हॉटेलात चौथा पेग मागवणारी मंडळी कायद्याच्या दृष्टीनं औषध घेत असतात.

स्वीडननं 1922 मध्ये संपूर्ण दारूबंदी करावी का यावर देशभर मतदान घेतलं. बंदीविरुद्ध एका चित्रकारानं पोस्टर काढलं. अल्बर्ट एंगस्ट्रोम त्याचं नाव. ताटात लाल क्रेफिश, म्हणजे नदीतला मोठा झिंगाच म्हणा, पुढं पेले, आणि मजकुराचा आशय असा की हे खायचं तर ते पाहिजेच. 51 विरुद्ध 49 टक्क्यांनी बंदी हरली. बायकांची मतं वेगळी मोजली होती. त्यातल्या बहुसंख्य बंदीच्या बाजूच्या निघाल्या.

इथं मात्र माझं हसू थांबलं. आमच्याकडे गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान होतं, उभी बाटली की आडवी बाटली. 2010 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या बाया चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी चालत आल्या होत्या. त्या कोणत्या तत्त्वज्ञानासाठी आल्या नव्हत्या. घरी शनिवारच्या मजुरीचं काय होतं, ते त्यांना माहीत होतं. मी बंदीची कितीही थट्टा केली तरी त्या बायांपुढं करणार नाही. करून पाहा म्हणावं कोणी.

तर पुन्हा दुकानाकडे. शनिवारी दुपारी तीनला बहुतेक ठिकाणी ते बंद होतं आणि रविवारी उघडतच नाही. शनिवारी अडीच वाजता गोथेनबर्गच्या ट्राममध्ये ज्याच्या त्याच्या हातात पिशवी आणि पिशवीत किणकिण. रविवारी सगळं स्वीडन वर्धा होतं.

पण मला खरं घरी आल्यासारखं वाटलं ते बंदरावर. गोथेनबर्गहून डेन्मार्कच्या फ्रेडरिक्सहावनला मोठी बोट जाते. आम्ही हौसेनं गेलो. येताना बघतो तर लोक ढकलगाड्यांवर बिअरचे खोके बांधून चढताहेत, एकावर एक, वर दोरी. “हे काय?” भाची म्हणाली, “तिकडं स्वस्त मिळते मामा.” मग कळलं की नॉर्वेत आणखी महाग, म्हणून नॉर्वेवाले खरेदीला स्वीडनच्या स्ट्रॉमस्टाडला येतात. स्वीडनवाले डेन्मार्कला जातात. आणि डेन्मार्कवाले जर्मनीच्या हद्दीवर. मी कठड्याला टेकून सगळा नकाशा डोळ्यांपुढं आणला. नॉर्वे हिंगणघाट, स्वीडन वरोरा, खालचा समुद्र ही वर्धा नदी. “पुलापलीकडे जाऊन येतात,” मी बायकोला म्हटलं. तिला तात्काळ समजलं.

त्या चार कॅनांपैकी एक घरी उघडला तेव्हा मी पाहायला बसलो. ओम्नीपोलो नावाच्या स्वीडिश मंडळींची ‘बियांका’, मँगो लस्सीच्या चवीची. जात गोसे. ही जर्मनीतली जुनी आंबट बिअर, तिच्यात मीठ आणि धणे घालायची रीत आहे. मी एकेक घटक बोटावर मोजला. आंबट. मीठ. धणे. “अगं, हा मठ्ठा आहे!” जावयानं घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, “मामा, तुम्ही म्हणता तेच आहे.” गेली दोन वर्षं तो हिच्या मागं होता म्हणे. आमच्याकडे लग्नात जिलबीबरोबर वाढपी बादलीनं वाढतो आणि आपण पानावर हात आडवा धरून नको म्हणतो.

माझी सोय त्यांनी युलमुस्टवर केली होती. 1910 च्या सुमारास बिअर न पिणाऱ्यांसाठी निघालेलं हे नाताळातलं पेय. काळं, फेसाळ, माल्टचं, आणि अल्कोहोल नाही. चव अशी की कोलात कोणी सुंठीचा काढा ओतला असावा. नाताळात ते कोकाकोलाला मागं टाकतं, असं तिथले लोक अभिमानानं सांगतात. वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींच्या मंडळींनी नीरेपासून ताडगूळ केला तो याच विचारानं. पण आमच्या नीरेचं दुखणं निराळं. ती पहाटे नीरा असते आणि ऊन चढलं की ताडी होते. कुठलाही परवाना तिला थांबवू शकत नाही. युलमुस्ट बिचारं जन्मभर सज्जन राहतं, माझ्यासारखं.

निघताना भाचीनं बियांकाचा रिकामा कॅन धुऊन मला दिला, रंगीत चित्राचा, आठवण म्हणून. नागपूरला उतरून टॅक्सीनं वर्ध्याला निघालो. बुटीबोरी मागं पडली तशी बायकोनं ती पिशवी माझ्या पायाशी सरकवली आणि स्वतः खिडकीकडे सरकली. चालकानं आरशातून पाहून विचारलं, “साहेब, काही आणलं का तिकडून?” मी म्हटलं, चॉकलेट. सेलू आलं तेव्हा जिवात जीव आला.

आता तो कॅन माझ्या टेबलावर आहे. त्यात तीन पेन, एक कात्री आणि बँकेच्या लाल-निळ्या पेन्सिलीचं थोटुक. तो रिकामाच आणला होता, हे या ठिकाणी लेखी देऊन ठेवतो.