अक्षरांचं अंग

नवी मुंबईतल्या आमच्या उलव्याच्या चौकाचौकांत लागणारे फलक मी चवीनं बघतो. मजकूर सोडून नुसती अक्षरं. मजकुराला फारसा वाव नसतोच. वाढदिवस, निवड, अभिनंदन, कुणाचं तरी भावी काहीतरी. पण अक्षरं काय संपन्न! एक नाव सोन्याच्या पत्र्यातून ठोकून काढलेलं, दुसरं गडाच्या तटासारखं चिरेबंदी, तिसरं ओलं निळं आणि त्यावर न ओघळणारे थेंब. यातही मानपान आहेच. साहेबांचं नाव सोन्याचं, पदाधिकाऱ्यांचं चांदीचं, आणि तळाशी दाटीवाटीनं उभ्या असलेल्या शुभेच्छुकांच्या वाट्याला नुसता सपाट पिवळा रंग. एवढा ऐवज रस्त्यावर उघडा टांगलेला असतो, पण चोर त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. मग दुपारी खाडीकडून वारा सुटतो आणि तो चिरेबंदी तट पोटातून हळूच फुगतो.

हे सगळं वैभव घडतं ते एखाद्या डीटीपीच्या गाळ्यात. गिऱ्हाईक खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभं असतं आणि म्हणतं, ‘नाव जरा उठून दिसू दे रे.’ पडद्यावरची नजर न काढता पोरगा म्हणतो, ‘काका, बेव्हल मारतो.’ बेव्हल मारणं म्हणजे अक्षराच्या एका कडेला उजेड द्यायचा आणि समोरच्या कडेला अंधार. बस्स, एवढंच. सूर्य वर असतो हे आपल्या डोळ्यांनी जन्मापासून इतकं मानलेलं आहे, की त्या दोन बारीक रेघांवर विश्वास ठेवून ते सपाट नावाला मणभर वजन बहाल करतात. फोटोशॉप 1990 साली बाजारात आलं तेव्हा या करामतीला पुष्कळ खटाटोप लागे. 1998 च्या पाचव्या आवृत्तीपासून ती एका खिडकीतून होऊ लागली. त्या खिडकीत ‘ग्लोबल लाइट’ नावाची एक चौकट असते. तिच्यावर खूण असली की सगळ्या अक्षरांना एकच सूर्य. खूण काढली की ज्याचा त्याचा सूर्य वेगळा. आमच्याकडच्या कित्येक फलकांवर साहेबांच्या नावावर डावीकडून सकाळ झालेली असते आणि चिरंजीवांच्या नावावर उजवीकडून संध्याकाळ. मला त्यात राजकीय भाष्य दिसतं, पण ते काही कुणी मुद्दाम केलेलं नसतं.

देवनागरीचे हाल निराळेच. कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये शब्दाला जाड कड दिली की शिरोरेषा जिथे जिथे जुळते तिथे तिथे चिरा उमटतात, आणि ‘अभिनंदन’ तुकड्या-तुकड्यांनी केल्यासारखं दिसतं. मग शब्दाचे आकार करून ते ‘वेल्ड’ करायचे, म्हणजे एकजीव करायचे. घाईत ते राहून जातं. कमल शेडगे यांना ही अडचण कधी आली नसणार. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत त्यांनी हातानं रेखलेली शीर्षकं एका काळ्या शाईची. ना सोनं, ना सावली. तरी रुमाल घेऊन जायचं की हसायला जायचं, हे अक्षराच्या वळणावरून कळे. ते 2020 साली गेले. आणि आमच्याच नवी मुंबईत अच्युत पालव यांची सुलेखनाची शाळा आहे. त्यांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली. कोरडा होत आलेला ब्रश कागदावरून ओढला की जो खरबरीतपणा उमटतो, तो आणायला संगणकाला तीन-चार फिल्टर खर्ची घालावे लागतात.

फोटोशॉपमधलं मला सर्वांत आवडतं ते मात्र क्लिपिंग मास्क. खाली अक्षर ठेवायचं, वरच्या लेयरवर दगडाचा फोटो, आणि ऑल्टची कळ दाबून दोहोंच्या मधल्या रेषेवर टिचकी मारायची. फोटो अक्षराबाहेर कुठेच उरत नाही; आत मात्र काठोकाठ भरतो. मग तो फोटो सरकवा, बदला, विटा घाला, गवत घाला. अक्षराची वेलांटीसुद्धा जागची हलत नाही.

उलवे या नावाचं तसंच झालं आहे. मूळ उलवे गाव नवी मुंबई विमानतळासाठी उठलेल्या 10 गावांपैकी एक. तिथली माणसं वडघर-वहाळकडे नव्या वसाहतींत गेली. नव्वदेक मीटर उंचीची उलव्याची टेकडी सुरुंग लावून उतरवली, तिचा काळा दगड विमानतळाच्याच भरावात गेला, उलवे नदीला नवी वाट काढून दिली. 8 ऑक्टोबर 2025 ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि नाताळच्या दिवशी विमानं उडू लागली. गाव नाही, टेकडी नाही, नदी जुन्या पात्रात नाही. नाव मात्र खाडीकाठच्या सेक्टरांवर ठाम उभं आहे. कधी त्यात भातखाचरं होती, मिठागरं होती. आता काचेच्या बाल्कन्या आहेत. माझ्यासारख्या मागाहून आलेल्यांना आतला हा फोटोच मूळचा वाटतो. तो कुणीतरी सरकवला आहे हे वहाळच्या एखाद्या आजोबांशी बोलल्यावर कळतं. टेकडी कुठे होती ते दाखवायला ते हात वर करतात, आणि त्यांच्या बोटापाशी विमान असतं.

गंमत अशी, की आमच्या फलकावरचा दगड इंटरनेटवरून उतरवलेला असतो. कुठल्याशा परदेशी वाड्याच्या भिंतीचा, गोरा, गुळगुळीत. इथला काळा दगड धावपट्टीखाली, आणि फलकावर पाहुणा दगड!

तेव्हा उलव्यातल्या डीटीपीवाल्या पोरांना एक विनंती. पुढच्या वेळी कुणी दगडी नाव मागितलं तर मोबाइल घेऊन गव्हाण, वहाळ, मोरावे असं जरा फिरून या. कुठेतरी जुन्या घराचं जोतं, विहिरीचा कठडा उरला असेल, त्याचा फोटो काढा आणि तो घाला अक्षरात. फक्त दिवस ढगाळ बघा. नाहीतर दगडावरची सावली एका बाजूला पडेल आणि तुमच्या बेव्हलची दुसऱ्या.