पळसाची जबानी

ज्या प्रवाशास वाघ पाहावयाचा नाही त्यास कोणत्या सदरात घालावे, याविषयी व्याघ्रप्रकल्पांच्या परिसरात कसलीच तरतूद नसल्यामुळे, नागझिरा अरण्याच्या चोरखमारा येथील प्रवेशद्वारापाशी मी जेव्हा ‘फुलांची छायाचित्रे काढण्याच्या हेतूने आलो आहे’ अशी सरळ जबानी दिली, तेव्हा समोरच्या तरुण वाटाड्याच्या मुद्रेवर प्रथम अविश्वास आणि मागाहून अनुकंपा उमटली. ‘‘फुलं तं बाहेरच हायेत जी,’’ तो म्हणाला, ‘‘त्यासाठी गाडी कायले?’’ या युक्तिवादास उत्तर नव्हते. वकिली हाच ज्यांचा पिढीजात व्यवसाय, त्या माझ्या सहप्रवासी स्नेह्यांनाही ते सुचले नाही. सबब ते उघड्या गाडीत बसून वाघाच्या मुलाखतीस रवाना झाले आणि मी बाहेर, तलावाच्या पाळीवर, बेवारस मालासारखा उरलो.

वकीलसाहेबांचा वाघाशी दावा जुना आहे. ताडोबा, पेंच, मेळघाट अशा नाना ठिकाणी त्यांनी तारखा घेतल्या. वाघ एकाही तारखेस हजर राहिला नाही. नागझिऱ्यात वाघ थोडे आणि अरण्य दाट, हे मी त्यांस आगाऊ कळविले होते. ‘जय’ नावाचा ख्यातनाम वाघ याच अरण्यात जन्मला आणि बदलीचा कोणताही हुकूम नसताना शेते, रस्ते आणि वस्त्या ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्यास रुजू झाला, पुढे २०१६ साली तेथूनही बेपत्ता झाला, हा सारा तपशील सांगूनही त्यांचा उत्साह ओसरला नाही. याच वनात किरण पुरंदरे चारशे दिवस मुक्काम करून राहिले आणि मग त्यांनी ‘सखा नागझिरा’ लिहिला; त्यांच्या आधी व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’ याच नावाने पुस्तक सिद्ध केले. वकीलसाहेबांनी त्या अरण्यास सकाळचे चार तास मंजूर केले होते, आणि त्यांतलाही काही वेळ न्याहारीकडे वळता केला होता.

चोरखमारा हे गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील गाव. हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर तिरोडा स्थानकात उतरावे आणि धान निघून गेलेल्या कोरड्या बांध्यांमधून वनाच्या दिशेने चालू लागावे. हा मुलूखच तलावांचा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले तलाव मालगुजारी गेली तरी ‘मालगुजारी’ म्हणूनच अद्याप ओळखले जातात. मात्र चोरखमाऱ्याचा तलाव इंग्रजी अमदानीत, १९२३ च्या सुमारास, सिंचनासाठी बांधला गेला. सरकारी कामात सौंदर्य क्वचितच उतरते, आणि उतरले तरी ते अंदाजपत्रकात धरलेले नसते. परंतु एकीकडे धानाची शेते, दुसरीकडे वनाच्छादित टेकड्या आणि मध्ये हे विस्तीर्ण पाणी, अशी रचना पाहून त्या अज्ञात अभियंत्यास काही किरकोळ अनियमितता माफ कराव्यात असे मला वाटले.

फाल्गुन लागला होता. पळसाने आपली पाने टाकून दिली होती आणि काळ्या, वेड्यावाकड्या, कोणत्याही चित्रकाराने नापसंत केल्या असत्या अशा फांद्यांवर ते शेंदरी वैभव निर्लज्जपणे मांडले होते. पळसाचे छायाचित्र काढणे सोपे, असा समज दुरून पाहणाऱ्यांनी पसरविला आहे. कॅमेऱ्यास हा रंग झेपत नाही; उन्हात धरला तर पाकळीवरील मखमल, शिरा, छटा सारे नाहीसे होऊन तेथे नुसता तांबडा डाग शिल्लक राहतो. म्हणून प्रकाश कमी घ्यावा, ढगाची वाट पाहावी, ढग आला की वारा येतो, वारा थांबला की शिंजीर येऊन नेमक्या त्याच फुलात चोच घालतो, आणि तो उडाला की फांदी पुन्हा आपल्या मर्जीने डोलत राहते. जवळून काढावे तर चोचीसारखी वळलेली पाकळी स्पष्ट येते आणि मागची संदले धुक्यात जातात. संदले साधावीत तर पाकळी रुसते. वाघ दिसत नाही हे मी समजू शकतो, कारण तो लपतो; पळस हातभर अंतरावर उभा राहून, काहीही न लपविता, माणसास दिवसभर झुलवितो, आणि गंमत अशी की झुलविले गेल्याचा राग येत नाही.

संस्कृत सुभाषितकारांनी या फुलास गंधहीन म्हणून फार हिणविले आहे. रूपवान परंतु विद्याहीन पुरुषाची उपमा म्हणून शतकानुशतके त्यास भर सभेत उभे केले. या खटल्याचे अपील चालविण्यास कॅमेऱ्याइतके योग्य न्यायपीठ नाही, कारण त्यास नाकच नाही. त्याच्यापुढे मोगरा आणि पळस एकाच पायरीवर येतात, आणि मग पळसाचा निकाल पळसासारखा लागतो.

परंतु या न्यायपीठाकडून अन्यायही होतो, हे दुसऱ्या दिवशी पहाटे मोहाखाली कळले. मोहाची फुले रात्री उमलतात आणि उजाडण्याच्या सुमारास त्यांच्या मांसल, फिकट पाकळ्यांचे गोंडे टपटप गळू लागतात. त्या वेळी हवेत जो दाट, गोड, किंचित आंबूस आणि मस्तक जड करणारा दर्प असतो, तोच खरा मोह. दिसायला ते फूल एखाद्या कारकुनाइतके नम्र. मी जमिनीवर पालथा पडून त्या नम्रतेचे चित्र घेण्याची खटपट करीत असता वरून आवाज आला, ‘‘काहून जी, काही हारपलं का?’’ टोपली घेतलेली एक वृद्धा उभी होती. तिने झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून ठेवला होता. कित्येक जण तो पेटवूनच जागा मोकळी करतात आणि मग त्या ठिणगीचा बंदोबस्त करताना वनखात्याची तारांबळ उडते. या बाईंची रीत मला अधिक पसंत पडली.

‘‘हारपलं नाही, आजी, मोहाचा फोटो काढतो आहे.’’

‘‘काढा ना जी. पन तुमी मोह तुडवून राहिले.’’

मी पोट आवरून घेतले. तिने माझ्या कोपराखालची फुले वेचली, बगलेजवळची वेचली, आणि ज्या एका फुलावर मी बराच वेळ नजर स्थिर केली होती, तेही शांतपणे उचलून टोपलीत टाकले. ते फूल वाळवून विकावयाचे होते. माझ्या कलेस त्यावर मनाई-हुकूम मागण्याचा हक्क नव्हता. ‘‘वाघाचं भ्या नाही वाटत?’’ मी तिच्याच बोलीचा आधार घेऊन विचारले. ‘‘वाटते ना,’’ ती म्हणाली, ‘‘पन मोह का दुपारपावेतो थांबते?’’

वकीलसाहेबांना याही सकाळी वाघ दिसला नाही. तिरोडा स्थानकावर गाडीची प्रतीक्षा करीत असता, केवळ वेळ जावा म्हणून, त्यांनी माझी छायाचित्रे पाहण्यास संमती दिली. फुलामागून फूल त्यांनी निर्विकारपणे सरकविले. एका पळसापाशी मात्र त्यांचे बोट थबकले. फुलाच्या मागे, दूर, धूसर, पिवळसर असे काही होते. त्यांनी ते मोठे केले, आणखी मोठे केले, फूल चौकटीच्या बाहेर गेले तरी त्यांस पर्वा नव्हती. निरोप देण्यास आलेल्या वाटाड्यास त्यांनी ते दाखविले.

‘‘सागाचं वाळलं पान हाय जी,’’ तो म्हणाला.

‘‘हे तू शपथेवर सांगू शकतोस?’’

तो बिचारा घुटमळला. तेवढी संधी साधून वकीलसाहेबांनी ते छायाचित्र माझ्याकडून रीतसर मागून घेतले, आणि आमचा डबा नागपुरास पोहोचेपर्यंत, मागे रेललेल्या सहप्रवाशांना ते त्यातील वाघ दाखवीत होते. एका गृहस्थांनी तर त्याचे शेपूटही ओळखले.