अर्धा डोंगर पाण्यात

डोंगर चढायला निघालेल्या माणसाने आधी निवांत बसून घ्यावं, असं सांगणारे किल्ले फार नाहीत. बहुतेक गड पायथ्याशीच माणसाचा दम काढतात आणि मग वर बोलावतात. वासोट्याची रीत निराळी. तो आपल्याला बामणोलीच्या काठावर लाँचमध्ये बसवतो, अंगावर केशरी जॅकेट चढवायला लावतो आणि पुढचा तास-दीड तास काही म्हणून करू देत नाही. पायात जाडजूड बूट, हातात काठ्या, गुडघ्याला पट्टे अशा सगळ्या सरंजामानिशी माणसं फळकुटावर मांड्या घालून बसतात आणि शेंगदाणे खातात. चढाईचं हे पहिलं पर्व मला फार आवडतं. घाम येत नाही, वाट चुकत नाही आणि तरी आपण वासोट्याला निघालेलो असतो.

आमच्या टोळीत दोन जाती आहेत. एक पाण्याची माणसं आणि दुसरी डोंगराची. पाण्याच्या माणसांना लाँचमध्ये कंठ फुटतो, डोंगराच्या माणसांचे चेहरे मात्र परीक्षेच्या हॉलबाहेर उभ्या असलेल्या मुलांसारखे होतात. आमचे वकील कोर्टात कोणाला हार जात नाहीत, पण पाण्यावर ते जॅकेटचा बंद दर पाच मिनिटांनी चाचपतात. त्या जॅकेटात माणसाची मान नाहीशी होते आणि मान गेली की रुबाबही जातो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आमचे इंजिनियर, ज्यांच्या एका सहीने कालवे सुटत, तेही त्या जॅकेटात नुसते एक केशरी गाठोडं दिसतात. त्यात नावाडीमामांचा दरारा. "पाव्हणं, मधी सरका. समदी एका अंगाला बसू नगा." मग सारी सरकतात. आयुष्यभर एका अंगाला बसत आलेल्या माणसांना मध्यभागी आणायला एवढं पाणी पुरतं.

लाँचमध्ये सगळे एकदमच पोचणार असतात, हे मला तिचं खरं मोठेपण वाटतं. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. इंजिनाच्या आवाजामुळे प्रत्येक वाक्य ओरडून बोलावं लागतं, त्यामुळे फक्त ओरडण्याच्या लायकीचीच वाक्यं बोलली जातात. "थर्मास कुठाय?" हे त्यातलं सर्वांत गहन.

ज्या पाण्यावरून आपण जातो त्याचा स्वभाव समजून घ्यायचा तर थोडं मागे महाबळेश्वरला जायला हवं. कृष्णा आणि कोयना दोघी तिथल्याच. कृष्णा वाईच्या बाजूला उतरते आणि घाटांवरची पूजा घेत घेत पुढे जाते. कोयना सह्याद्रीच्या आडोशाने सरळ दक्षिणेला धावते, कुणाच्या फारशी नजरेला पडत नाही आणि हेळवाकपाशी अचानक काहीतरी आठवल्यासारखी काटकोनात पूर्वेला वळते. मग कऱ्हाडला दोघी समोरासमोर येऊन भेटतात. त्या वळणाच्या अलीकडे कोयनेला अडवलं आणि तिच्यामागे शिवसागर जलाशय पसरला. पन्नासेक किलोमीटर लांब. डोंगरांच्या घळीघळींत शिरलेलं त्याचं पाणी पाहिलं की वाटतं, हे इथे अनादि काळापासून असणार. पण धरण १९६४ च्या सुमाराचं. म्हणजे हा जलाशय साधारण आमच्याच वयाचा आहे. आम्ही अंगणवाडीच्या वयाचे होतो तेव्हा तोही नुकता भरत होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेची जमीन हलली तेव्हा आम्हां काहीजणांना पांघरुणासकट उचलून अंगणात आणलं होतं, असं घरचे सांगत. आता साठी ओलांडल्यावर दोघं एकमेकांकडे बघतो. त्याच्यात गाळ साठलाय, आमच्या गुडघ्यांत काय साठलंय ते डॉक्टर सांगतात.

नावाडीमामा आमच्याहून थोडे धाकटे असावेत. सुकाणूचा दांडा काखेत धरून ते कापलेल्या तेलाच्या डब्याने लाँचच्या बुडातलं पाणी उपसत असतात. डबा बुडवायचा, भरला की मनगटाच्या एका झटक्याने बाहेर, पुन्हा आत. नजर मात्र समोर. त्यात कसलीही घाई नाही. बोटीत थोडं पाणी यायचंच, हे जणू पाण्याशी झालेलं बोलणं. मी विचारलं, "मामा, आत्ता आपल्या खाली काय आहे?"

"खाली?" त्यांनी इंजिनाचा आवाज जरा उतरवला. "मळा."

"कुणाचा?"

"आमचाच की. आज्ज्याचा." मग त्यांनी दांड्यावरची दोन बोटं उचलली आणि पाण्यावरून हवेत एक रेघ ओढली. "म्हातारा दावायचा. त्या सोंडंपास्नं हितपातूर आपलं. मी काय बघितलं न्हाई. पर बांध ठाव हाय."

पाण्यावर बांध दाखवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आमचे वकील, ज्यांचं निम्मं आयुष्य बांधांच्या भांडणांत गेलं, ते जॅकेटचा बंद सोडून वाकून पाहू लागले. खाली फक्त हिरवं, गढूळ, स्वतःतच गुंतलेलं पाणी. सातबाऱ्यावर ज्याची नोंद आता कुठेच नसेल अशा जमिनीच्या हद्दीवरून आमची लाँच टुकटुकत गेली आणि कोणीही हरकत घेतली नाही. धरणाच्या पाण्याखाली इथली कितीतरी गावं गेली. कोणी सोलापूर-सांगलीकडे गेले, कोणी रायगड-ठाण्याकडे, काहीजण पाणी जसं वर आलं तसे डोंगरावर वर सरकले. मामांचे लोक वर सरकणाऱ्यांतले. त्यांच्या घराण्याने डोंगर असा चढला, पाण्याच्या वेगाने, मागे बघत.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आपण डोंगराच्या पायथ्याकडे चाललेलोच नाही. पायथा केव्हाच मागे, खोल खाली राहिला. वासोट्याचा अर्धा डोंगर पाण्यात आहे आणि लाँच त्याच्या कमरेशी नेऊन सोडते. खालचा अर्धा आपण बसून चढतो. शेंगदाणे खात आपण जी चढण टाळली, ती पूर्वी किल्ल्याच्या घेऱ्यातली माणसं मिठाची-भाताची ओझी डोक्यावर घेऊन रोज चढत असणार. आमच्या निवांतपणाचं भाडं त्यांनी आगाऊ भरून ठेवलं आहे, आम्ही देतो ते फक्त लाँचचं.

आणि या डोंगराची उंची कायमची ठरलेली नाही, ही त्याची आणखी एक गंमत. पावसाळ्यात पेपरात रोज एका चौकटीत कोयनेचा साठा छापून येतो. सांगली-कऱ्हाडची माणसं तो धास्तीने वाचतात, कारण दरवाजे उचलले की नदी त्यांच्या दारात येते. आमचे इंजिनियर तो निवृत्तीनंतरही रोज मोठ्याने वाचतात, नातवंडांच्या उंचीची नोंद ठेवावी तशा मायेने. आम्ही मात्र त्यात वासोटा वाचतो. धरण १०५ टीएमसी भरलं की डोंगर बुटका होतो, लाँच थेट झाडीला जाऊन लागते. पुढे हिवाळाभर पाणी उतरत जातं आणि डोंगर हळूहळू उंच होत जातो. उन्हाळ्यात गेलात तर रान आणि पाणी यांच्यामध्ये लाल मातीचा उघडा पट्टा दिसतो. भेगाळलेला गाळ, त्यात वठलेले बुंधे आणि कधीकाळच्या तालींचे दगड. तेवढं सगळं आधी तुडवायचं, मग चढ सुरू. जगातल्या बाकीच्या शिखरांची उंची मोजून पुस्तकात लिहून ठेवतात. वासोट्याची मात्र पेपरात बघावी लागते.

लाँच मेट इंदवलीला लागली की वनखात्याची चौकी. हे कोयना अभयारण्य, आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. किल्ल्याचं दुसरं नावही व्याघ्रगड. चौकीवर नावं लिहून घेतात, पिशव्या उघडून प्लास्टिकची मोजदाद करतात आणि सूर्य कलायच्या आत खाली या म्हणून बजावतात. नाव, वय, गाव असे रकाने भरताना आमच्या डोंगरी मित्रांना कंठ फुटला आणि पाणवाले गप्प झाले. सत्तांतर असं शांततेत झालेलं मी क्वचितच पाहिलंय.

थोड्या चालीनंतर ओढा आणि त्याच्याकाठचा मारुती. त्याच्या डोक्यावर छप्पर नाही, पण झाडी इतकी दाट की त्याला छपराची आठवण येत नसावी. तिथून एक वाट नागेश्वराच्या गुहेकडे जाते, दुसरी किल्ल्यावर. चढ सुरू झाला आणि लाँचमधली समता क्षणात वाहून गेली. मैत्री लांबच लांब ताणली गेली. पुढे दिसेनासा झालेला एक, मग धापा टाकणारे, मग मधेच थांबून झाडांची नावं विचारणारे (ही धापा लपवायची सभ्य पद्धत आहे), सगळ्यांत मागे मी आणि इंजिनियर. वर कुठेतरी शेकरूने फांदीवरून फांदीवर झेप घेतली. शेपूट अंगाएवढी लांब, रंग जुन्या पैठणीच्या काठासारखा. इंजिनियर म्हणाले, "याला चौकीवर नाव लिहावं लागत नाही." मग आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. पंप बंद पडलेल्या विहिरीसारखी शांतता होती ती, आतून भरत जाणारी.

माथ्यावर फार काही उरलेलं नाही. पाण्याची टाकी, महादेवाचं देऊळ, चुन्याचा घाणा, वाड्यांची जोती. पण या उजाड माथ्याने कायकाय पाहिलंय. पंतप्रतिनिधी कैदेत पडले तेव्हा त्यांच्या बाजूने ताई तेलीण हा किल्ला घेऊन बसली आणि पेशव्यांचे सेनापती बापू गोखले खाली वेढा देऊन बसले. आठेक महिने तिने दाद दिली नाही. धान्याचं कोठार जळालं तेव्हा कुठे १८०७ मध्ये किल्ला पडला. पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने साताऱ्याच्या छत्रपतींच्या कुटुंबाला इथे ठेवलं, आणि हंटर व मॉरिसन या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनाही इथेच डांबलं. १८१८ मध्ये शेजारच्या जुन्या वासोट्यावरून तोफा डागून इंग्रजांनी किल्ला घेतला आणि ते कैदी सुटले. मला राहून राहून त्या दोघांचं वाटतं. कोयनेचं खोरं तुडवत, रानातून कातळ चढत त्यांना इथे आणलं असणार, जिथून कोणी सुटून जाणार नाही म्हणून. आज त्याच खोऱ्यावरून माणसं तिकीट काढून, बसून येतात आणि वर पोचल्यावर म्हणतात, काय निवांत जागा आहे.

पश्चिमेच्या बाजूला बाबूकडा. तिथे सह्याद्री चालता चालता थबकतो. एका पावलावर देश, दुसऱ्या पावलाला थेट कोकण, मधे काही नाही. वकील कड्यापासून चांगले चार हात अंतर राखून पालथे झोपले आणि मान लांबवून बघू लागले. इंजिनियर त्यांच्या शेजारी लवंडले आणि त्यांनी बोटाने दक्षिणेकडे दाखवलं. जलाशयाचं पाणी खरं तर कृष्णेबरोबर पूर्वेच्या समुद्राला जायचं. पण बोगदे खोदून त्यातलं पुष्कळसं सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरवतात, ते तिथे वीज करतं आणि वाशिष्ठीतून चिपळूणकडे निघून जातं. म्हणजे आम्ही जो डोंगर वरून ओलांडू शकत नव्हतो, तो मघाचंच पाणी आतून ओलांडत होतं, आणि त्यासाठी त्याला ना बूट लागले ना पट्टे. वकील म्हणाले, "आपल्याला पण बोगद्यातून पाठवतील का?" इंजिनियरांनी गंभीरपणे विचार केला आणि नाही म्हणाले. वेग जास्त असतो.

उतरताना गुडघे बोलू लागतात, त्यांचं ऐकत खाली यायचं. परतीच्या लाँचमध्ये पाण्याची आणि डोंगराची माणसं ओळखू येत नाहीत, सगळी नुसती दमलेली असतात. केशरी जॅकेट घातल्या घातल्या अर्ध्यांचे डोळे मिटतात आणि "मधी सरका" असं सांगायची मामांवर वेळ येत नाही, कारण सगळे एकमेकांच्या खांद्यांवर कलून आपोआप मध्यभागीच आलेले असतात.

बामणोलीत सकाळीच सांगून ठेवलेलं जेवण वाट बघत होतं. जलाशयातला तळलेला मासा, तांदळाची भाकरी, कांदा. मामा शेजारच्या बाकावर चहा पीत होते. पोटात दोन घास गेल्यावर वकिलांना पुढची योजना सुचली. "पुढच्या वर्षी ऑगस्टात येऊ. धरण भरलेलं, डोंगर बुटका. निम्मा चढ वाचतो."

"ऑगस्टात किल्ला बंद असतोय," मामा बशीतून म्हणाले. "आन् जळवा."

"मग ऑक्टोबरात."

"ऑक्टोबरात चालंल. पर पाणी चढलं पायजे न्हवं तवर."

सगळ्यांनी माना वळवून इंजिनियरांकडे पाहिलं, जणू पाऊस अजूनही त्यांच्याच सहीने पडतो. त्यांनी क्षणभर आकडेमोड केली, मान डोलावली आणि आणखी एक भाकरी मागवली.