उन्हातलं घर, सावलीतले कागद

ब्रिटनच्या चॅनल फोरवर २००० साली ‘अ प्लेस इन द सन’ हा कार्यक्रम सुरू झाला. पावसाला विटलेलं जोडपं स्पेनमध्ये पाच घरं बघतं, गच्चीवर वाइनचा पेला उचलतं, फोनवरून भाव पाडून घेतं. झालं स्थलांतर! ब्रेक्झिटनंतर व्हिसाशिवाय १८० दिवसांत फक्त ९० दिवस राहता येतं, हे त्या पेल्यात कुठं बुडतं कोण जाणे. नोटरी, खरेदीवरचा कर, डॉक्टरला स्पॅनिशमध्ये पोटदुखी समजावणं, इकडे कॅमेरा फिरकत नाही. पोहण्याचा तलाव मात्र तीन कोनांतून. (तो घासतं कोण, हे विचारू नये.) अमेरिकेच्या ‘हाउस हंटर्स’ या तशाच कार्यक्रमात तर घर बहुधा आधीच ठरलेलं असतं, हे २०१२मध्ये उघड झालं, उरलेली दोन घरं नुसत्या करवल्या.