कुंभकोणम शाखेचा अर्धवार्षिक अहवाल

तीर्थरूप नाना व माई यांस,

मागील पत्रात प्रथमपुरुषी एकवचनाचा अतिरेक होऊन मुद्दे हरवले, असा शेरा नानांनी दूरध्वनीवर मारल्यामुळे विज्ञान शिकवणाऱ्या धाकट्या सुनेकडून प्रस्तुत पत्र ग्रंथाच्या रीतीने तृतीयपुरुषात लिहिले जात असून, ते उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे आणि कुकरच्या शिट्ट्या यांच्या मधल्या फटीत बसवलेले असल्याने विषयांतर झाल्यास दोष कुकरला द्यावा.

प्रथम माईंच्या काळजीविषयी. नाशिकहून आलेल्या पार्सलमधील स्वेटर, भाजणी आणि मेतकूट सुखरूप पोहोचले. तथापि नाशिकमध्ये शेकोट्या पेटतात त्या डिसेंबरात कुंभकोणमचे किमान तापमानही साधारणपणे 20 अंशांच्या वरच राहते, त्यामुळे येथे स्वेटर घालणाऱ्यास लोक ताप आला आहे काय, असे विचारतात. येथील हिवाळा म्हणजे खरे तर पावसाळा होय. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्येकडून येणारे वारे बंगालच्या उपसागरावरून बाष्प गोळा करून तामिळनाडूच्या किनाऱ्यावर रिते करतात, आणि यालाच ईशान्य मोसमी पाऊस म्हणतात. या शास्त्रीय घटनेचा शालेय परिणाम असा की, जोराचा पाऊस असल्यास सुटी जाहीर करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असल्याने सहावी ते आठवीचे विद्यार्थी फळ्यापेक्षा खिडकीकडे अधिक निष्ठेने पाहतात, आणि ढग गडगडताच पचनसंस्थेचा धडा थांबवून ‘मिस, लीवा?’ असा सामुदायिक प्रश्न उपस्थित करतात.

आत्याबाईंनी ‘परदेशात’ जेवणाची आबाळ होत असेल, असे पुन्हा म्हटल्याचे कळले. त्यांना सांगावे की 1675 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतल्यापासून या मुलखात मराठी बोलणारी घरे नांदत आहेत. नाशिक जिल्ह्यातील कौळाण्याचा मुलगा 1875 मध्ये दत्तक जाऊन सयाजीराव गायकवाड झाला, तेव्हा त्याच्या अल्पवयात बडोद्याचा कारभार पाहणारे दिवाण सर टी. माधवराव हे 1828 मध्ये याच कुंभकोणमात जन्मलेले मराठी गृहस्थ होते. सबब नाशिकने कुंभकोणमला परदेश म्हणणे हा कृतघ्नपणा ठरतो. थोरल्या जाऊबाईंनी माळ्यावरचे तांब्याचे घंगाळ मोडीत घातल्याची बातमी मात्र धाकट्या सुनेस जिव्हारी लागली, कारण तांबे हा उष्णतेचा उत्तम सुवाहक असून ते घंगाळ वर्गात दाखवण्यासाठी मागवण्याचा तिचा विचार होता. बंडूभावजींनी आणखी एक स्थळ मुलीला वांगे आवडत नाही म्हणून नाकारले, यावर येथील शाखेत शास्त्रीय स्पष्टीकरण उपलब्ध नाही.

आता त्रासाचा मुद्दा. धाकट्या सुनेच्या शाळेत वर्गामध्ये ज्योत पेटवण्यास मनाई आहे. स्पिरिटचा दिवा तर सोडाच, पण पेल्याखाली मेणबत्ती विझते, हा प्रयोग करण्यासाठीही मुख्याध्यापिकांकडे लेखी अर्ज द्यावा लागतो, वाळूची बादली व ओले गोणपाट जवळ ठेवावे लागते, प्रयोगशाळा-सहायक उपस्थित असावा लागतो आणि प्रयोग प्रयोगशाळेतच करावा लागतो. ती प्रयोगशाळा अर्धवार्षिक परीक्षेच्या काळात उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांनी व्यापलेली असते. ज्या मुलांनी नुकत्याच कार्तिगै दीपमच्या संध्याकाळी, म्हणजे तमिळ कार्तिगै महिन्यातील येथील दीपोत्सवाला, घरासमोर पणत्यांच्या ओळी लावल्या, त्यांनाच ज्वलन हा विषय पुस्तकातील चित्रावरून शिकवावा लागतो, आणि ती मुले चित्रातील ज्योतीचा आकार चुकल्याचे दाखवून देतात.

या नियमाची थट्टा शिक्षककक्षात कोणीही करत नाही, आणि त्याचे कारण आहे. 16 जुलै 2004 रोजी याच गावातील एका शाळेत माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून निघालेली आग शाकारलेल्या छपराला लागली आणि 94 मुले दगावली. पदार्थ ज्या तापमानाला पेट घेतो, त्याला ज्वलनांक म्हणतात, ही व्याख्या नाशिकमध्ये दोन गुणांसाठी पाठ केली जाते. कुंभकोणममध्ये ती शिकवताना आवाज आपोआप खाली येतो. धाकट्या सुनेने हे कळल्यानंतर अर्जाच्या नमुन्याबद्दल तक्रार केलेली नाही.

ज्योतीवाचून उष्णता शिकवण्याची अडचण अखेर माईंच्या स्वेटरने सोडवली. सातवीच्या वर्गात दोन सारखे पितळी टंबलर घेऊन त्यांत रसाच्या गाडीवरून आणलेला बर्फ सारख्याच प्रमाणात भरण्यात आला, एक टंबलर उघडा ठेवण्यात आला व दुसरा स्वेटरमध्ये गुंडाळण्यात आला. स्वेटर ऊब देतो, म्हणून त्यातील बर्फ आधी वितळेल, असे बहुमत पडले. स्वेटर थंड गावाहून आल्याने थंडी सोबत घेऊन आला असेल, असा भिन्न मतप्रवाहही नोंदवला गेला. तास संपताना उघड्या टंबलरात पाणी होते आणि गुंडाळलेल्यात बर्फाचा खडा शिल्लक होता. लोकर स्वतः उष्णता निर्माण करत नाही. तिच्या तंतूंमध्ये अडकलेली हवा उष्णतेची दुर्वाहक असल्याने बाहेरची उष्णता आत व आतली बाहेर जाण्यास वेळ लागतो, एवढेच स्वेटरचे कार्य असते, हे त्यातून सिद्ध झाले. घडी उलगडताना माईंच्या कपाटातील डांबरगोळ्यांचा वास वर्गभर पसरला आणि व्याख्यान काही क्षण थांबले; ‘मिस, सर्दीचे औषध’ असे निदान पहिल्या बाकावरून झाले, ते तसेच राहू देण्यात आले.

सुटीआधीचा शेवटचा अडथळा गणिताचा आहे. श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण याच गावातील सारंगपाणी सन्निधी मार्गावरील घरात गेले, आणि 22 डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस राष्ट्रीय गणित दिन असल्याने विज्ञानाचे तास गणिताच्या शिक्षकांनी सविनय ताब्यात घेतले आहेत. विज्ञानात कमी गुण मिळालेली मुले रामानुजनही येथील सरकारी महाविद्यालयात गणित सोडून इतर विषयांत नापास झाले होते, असा ऐतिहासिक दाखला देतात. त्यामुळे त्यांची शिष्यवृत्ती गेली होती, हा उत्तरार्ध धाकटी सून जोडते. नातीने हा दाखला घरीही वापरून पाहिला आहे. तो नानांनी तिला दूरध्वनीवरून शिकवला असल्याचा संशय आहे.

नाताळ ते नववर्ष एवढ्या तोकड्या सुटीत येथून नाशिक गाठून परतणे म्हणजे सुटीचा मोठा भाग रेल्वेला अर्पण करणे होय, तेव्हा या वर्षी नाना-माईंनीच इकडे यावे. पितळी टंबलरातील कॉफी नानांच्या चहाची जागा घेऊ शकते की नाही, याचा निर्णय प्रत्यक्ष प्रयोगाने व्हावा. पोंगल जानेवारीच्या मध्यावर येतो आणि त्या दिवसांतील तामिळनाडूच्या गाड्या फार आधीच भरतात, म्हणून विचारविनिमय न करता याच आठवड्यात तिकिटे काढून तसे कळवावे.